रडण्याची तालीम

मनिराम गेला तेव्हा त्याची सून रेणू रडली नाही, आणि गावाने मनिरामच्या जाण्यापेक्षा याचंच जास्त वाईट वाटून घेतलं.

मनिरामचं जाणं तसं रीतसर होतं. वय झालेलं होतं, धान कापून घरात आलं होतं, आणि चार दिवस दम लागून तो कोणाला फारसा त्रास न देता गेला. हे त्याला आयुष्यभर जमलं नव्हतं. गोंदियाजवळ मुर्रीच्या पल्याडच्या त्या गावात मयतीला आलेल्या बाया अंगणाच्या तोंडाशीच घरच्या बायांच्या गळ्यात पडतात आणि गेलेल्याचे गुण सुरात सांगत रडतात. सांगण्यासारखे गुण नसले तरी सांगतात. त्या दिवशीही प्रत्येक बाई आधी मनिरामच्या बायकोच्या, धुरपताच्या गळ्यात पडली आणि मग रेणूच्या. रेणू उभी राहिली. गळ्यात पडलेल्या बाईच्या खांद्यावरून ती मागच्या बाईचं तोंड पाहत होती, बाजारात वांगी निवडताना पाहतात तसं.

"पोरीले धक्का बसला," एकजण म्हणाली.

"धक्का कायचा? दगड हाये दगड," दुसरी म्हणाली.

तेरवीपर्यंत दुसरीचं मत बहुमताने मंजूर झालं.

हे सगळं केवलराम ओट्यावर बसून पाहत होता. केवलराम हा धुरपताचा धाकटा भाऊ. भिंतीला भिंत लागून त्याचं घर. जवानीत तो मंडईच्या जत्रेतल्या दंडारीत, म्हणजे गावच्या नाच-नाटकात, बाईचं सोंग घ्यायचा. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरली की भर दुपारी ढोलकीवर दंडार उभी राहायची आणि केवलराम लुगडं नेसून असा रडायचा, की नागरा गावाकडच्या बाया बैलगाड्या जोडून त्याचं रडणं पाहायला यायच्या आणि वर्षभराचं रडून घरी जायच्या. त्याचं लग्न मात्र झालं नाही. लुगड्यातला नवरदेव पोरीवाल्यांना कसा दाखवावा हा त्याच्या बापापुढे प्रश्न होता. पुढे बापच गेल्यामुळे तो प्रश्न मिटला. मग मंडईत नागपूरहून ऑर्केस्ट्रा यायला लागला, बायांची कामं बायाच करायला लागल्या, आणि केवलरामची कला पेटीत डांबराच्या गोळ्यांसोबत जाऊन पडली.

तेरवी होऊन घर रिकामं झालं, तेव्हा रेणू एका दुपारी ताटलीत गरम आयते, म्हणजे तांदळाची धिरडी, घेऊन त्याच्या दारात आली. आयते ठेवले, पदर सारखा केला आणि म्हणाली, "मामाजी, मले रडाले शिकवा."

केवलराम हसला. "रडाले शिकवा लागते का वो? जलमल्याबरोबर येते थे मानसाले."

"मले नाई आलं. माय सांगे, दाईनं पाठीवर थापट्या देल्ल्या, तरी मी पाहतच राहिली."

"मनिरामभाऊचं दुख नाई झालं तुले?"

तिने खरंच विचार केला. साखरेचा डबा हलवून आत काही उरलंय का बघावं, तितक्या प्रामाणिकपणे केला. "नाई जी. पन लोक तोंडाकडं पाहून राहतात. त्याईले तथी काहीतरी पाहिजे असते. थे माह्याजवळ नाई, तुमच्याजवळ हाये."

इथे केवलराम फसला. दुसरा कोणी असता तर त्याने या वाक्यातला पहिला भाग ऐकला असता. केवलरामने दुसरा ऐकला. कितीतरी वर्षांनी कोणीतरी त्याची कला मागत दारात आलं होतं, आणि वर आयते आणले होते.

शिकवणी दुपारी चालायची, धुरपता डोळा लावून पडली की. केवलराम जीव ओतून शिकवायचा. "पहिले नाकाचा शेंडा. तथी झोंबलं पाहिजे. मंग हनवटी. मंग दम बेंबीपासून उचलाचा, अना गळ्यात आला का थांबाचं. रडाचं नाई, थांबाचं. आपन थांबतो ना, तथीच पब्लिक रडते."

"अना आत काय आनाचं?"

"आपलं एखांदं जुनं दुख आठवाचं."

"माह्याजवळ नाई हाये," रेणू म्हणाली. गॅस संपला आहे हे सांगावं तशा आवाजात. केवलरामच्या मानेवर काहीतरी गार सरकलं. खांद्यावर ओला दुपट्टा होता, त्याचा असेल असं त्याने ठरवलं.

"मंग बाहेरूनच करू," तो म्हणाला.

बाहेरून तिने असं उचललं की केवलराम चकित झाला. त्याला जे जमायला तीन मंडया गेल्या, ते तिने धान उकडण्याचा हंगाम संपायच्या आत केलं. गळ्यातला थांबा तर असा घेतला, की समोर बसलेल्या गुरूचेच डोळे भरून आले. तिने ते वाकून जवळून पाहिलं. मग चेहरा पुसला. म्हणजे पदराने नव्हे. पाटीवरचं पुसतात तसा पुसला आणि म्हणाली, "उद्या हुंदका घेऊ."

पुढच्या मयतीला रेणू रडली. गाव थक्क झालं. दगड म्हणणाऱ्या बाईने तिला पोटाशी धरलं आणि स्वतःच्या जिभेला नावं ठेवली. त्यानंतर गावात दुःख म्हणजे रेणू असं समीकरण झालं. कोणाचा पोरगा नापास होवो, कोणाची गाय मरो, रेणू हजर. ती सोबत रडायची, आणि सोबत रडणाऱ्या बाईला माणूस काय सांगत नाही? उशीखालचं, पोटातलं, माहेरचं, सगळं रेणूच्या पदरात पडायचं.

मग गावात बारीक बारीक काहीतरी उसवायला लागलं. वच्छलाच्या पोरीचं जमलेलं लग्न मोडलं. पोरीला लहानपणी फिट यायच्या, ही गोष्ट वच्छलाने एकाच माणसापाशी रडून सांगितली होती, ती नवरदेवाच्या घरी पोचली. धुरपताची लेक रीता कोहमाऱ्याला असते, तिच्या नवऱ्याचा हायवेवर ढाबा आहे. तिने आईशी बोलणं टाकलं. जावई ट्रकवाल्यांची उष्टी धुतो असं आई गावभर सांगते, हे तिला कुठून तरी कळलं. धुरपताने तसं कधी म्हटलंच नव्हतं. ती तर त्या ढाब्याच्या पाटीचा फोटो मोबाइलवर सगळ्यांना दाखवत असे.

लग्न मोडल्याचा निरोप आला त्या सकाळी वच्छला हापशीजवळच खाली बसून छाती बडवत होती. केवलराम दातण करत उभा होता. त्याला रेणू दिसली. तिची बादली भरून वाहत होती आणि ती मान थोडी कलती करून वच्छलाकडे पाहत होती. पडद्याच्या फटीतून केवलरामने आयुष्यभर असे चेहरे पाहिले होते. पहिल्या रांगेतले. इतक्यात तिने त्याला पाहिलं आणि हलकंसं हसली, एका कलावंताने दुसऱ्याला पाहून हसावं तशी.

दुपारी त्याने तिला अडवलं. "काऊन केलं वो असं? वच्छलानं तुहं काय बिघडवलं होतं?"

"काईच नाई."

"मंग?"

"पाहाले."

"काय पाहाले?"

"वच्छलामाय कशी रडते थे. तिची पहिले हनवटी हालते, मामाजी. नाक मंगानं. तुमचं उलटं हाये. तुमी मले चुकीचं शिकवलं."

सांगायला लाज वाटण्यासारखी गोष्ट आहे, पण केवलराम क्षणभर खरंच तोच विचार करत उभा राहिला, की आधी हनवटी की आधी नाक. तोपर्यंत ती निघून गेली होती.

त्याने धुरपताला सांगून पाहिलं. धुरपता म्हणाली, "केवल्या, माही सून सोनं हाये. तुले बायाईचं चांगलं पाहवतच नाई, जलमभर आमचे लुगडे नेसून फिरला तरी." भाच्याला, रेणूच्या नवऱ्याला, मुन्नाला सांगितलं. तो राइस मिलवरून दमून आला होता. "मामा, तुमचं दंडारीचं डोकं हाये," एवढंच म्हणून तो जेवायला बसला.

आणि मग ती दुपार आली. केवलराम खाटेवर पडला होता. भिंतीपलीकडून सूर आला.

"अवो माह्या धुरपतामाय वो... सुपातले तांदूर सुपात ठेवून कोठी गेल्या वो माय..."

केवलराम तसाच उठला. पायात चप्पल नाही, धोतराचा सोगा जमिनीवर. भिंतीला वळसा घालून अंगणात शिरला.

अंगणात धुरपता खाटेवर बसून लाखोळीची डाळ निवडत होती. समोर रेणू जमिनीवर मांडी घालून, डोळे मिटून, तिच्याच नावाने सुरात रडत होती.

"बाई!" केवलराम ओरडला. थोरल्या बहिणीला तो बाईच म्हणायचा.

"कायले बोंबलून राहिला?" धुरपता म्हणाली. तिचा चेहरा कौतुकाने फुलला होता. "आयक ना. माह्या सुनेनं माहं रडनं बसवलं. मी म्हटलं, मेल्यावर मले का आयकू येनार हाये? आत्ताच आयकव."

रेणूने डोळे उघडले. ते कोरडे नव्हते. "सराव करून राहिली, मामाजी. वेळेवर घाई नोको व्हाले."

"बाई तं ठणठणीत हाये!"

रेणूने सुपातला एक खडा वेचून बाहेर टाकला. धुरपता उठायला गेली आणि तिला गरगरलं. खाटेचा माचवा धरून ती परत बसली. हे हल्ली रोजचंच आहे, ती म्हणाली. बीपीची गोळी चालू आहे, रेणू न चुकता देते. आजची दुपारची गोळी पदराच्या गाठीला होती. धुरपताने गाठ सोडून दाखवली. गोळी पांढरी होती.

केवलरामला औषधातलं काही कळत नव्हतं. त्याने गावच्या आशासेविकेला, नीतूला बोलावलं. गावातल्या म्हाताऱ्यांना उपकेंद्रातल्या गोळ्या आणून देण्याचं काम तिचंच. नीतूने गोळी हातावर घेऊन उलटसुलट केली. "मी तं गुलाबी देल्ली होती. हे कॅल्शियमची हाये. धुरपतामायले बीपीची गोळी कधीपासून भेटली नाई?"

अंगणात शेजारपाजार जमला. सगळ्यांनी रेणूकडे पाहिलं.

केवलराम पुढचं सगळं आधीपासून ओळखून होता, आणि तरी त्याला ते थांबवता आलं नाही. नाक नाही, आधी हनवटी हलली. तिने सुधारणा केली होती. मग नाक. मग बेंबीपासून उचललेला दम गळ्यापर्यंत आला आणि तिथे थांबला. त्या थांब्यात दोन बायांनी पदर डोळ्यांना लावले. "डबे सारखेच होते," रेणू कशीबशी म्हणाली, "मले इंग्लिस वाचता येत नाई वो... माह्या हातानं माह्या मायले..." आणि धुरपताच्या पायांवर कोसळली.

ज्या बाईला महिनाभर औषधाशिवाय ठेवलं गेलं होतं, ती त्या सुनेच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "नोको रडू वो माह्या वाघिनी, होते चूक." बायांनी रेणूला पाणी पाजलं. मिलवरून आलेला मुन्ना मामाकडे असा पाहत होता, जणू गोळ्या मामानेच बदलल्या असाव्यात. शेवटी नीतूने रेणूची माफी मागितली.

संध्याकाळ व्हायच्या आत नीतू केवलरामच्या ओट्यावर येऊन बसली.

"मामा, मी माफी काऊन मागतली?"

"थांबा चांगला घेतला तिनं," केवलराम म्हणाला. "माहाच हाये थो."

मग त्याने तिला शिकवणीचं सगळं सांगितलं. नीतू ऐकत गेली आणि हळूच म्हणाली, "आमच्या ट्रेनिंगमधी मानसिक आजाराचा एक डॉक्टर आला होता. थो सांगे, काही मानसाईले दुसऱ्याचं दुखनं समजते, पन लागत नाई. भेव कमी, लाज कमी, पस्तावा तं नाईच. बोलतात गोड अना कंटाळा लवकर येते. त्याले सायकोपॅथी म्हनतात म्हने. आमी सगळ्याजनी म्हटलं, मंजे सिनेमातला कुऱ्हाडवाला ना? थो म्हने, कुऱ्हाडवाला तं लवकर सापडते. बाया अशा असल्या तं बरेचदा रडतात, सेवा करतात, ह्याचं त्याले सांगून नाते तोडतात. अंगावर घाव दिसत नाई, म्हनून तथी कोनी पाहतच नाई."

"मंग रेनू तशीच?"

"थे मी कशी सांगू? डॉक्टर म्हने, दुरून पाहून कोनावर शिक्का मारू नोका. अना मी तं तिची माफी मागून बसली."

"औषध काय म्हने त्याच्यावर?"

"विचारलं होतं. थो म्हने, दुसरा सवाल विचारा."

त्या दिवसापासून केवलरामच्या डोक्यात एकच गोष्ट राहिली: बाईला त्या घरातून काढायचं. पण काढायचं कुठे? लेकीकडचं, कोहमाऱ्याचं दार बंद झालं होतं. आता त्याला कळलं, रेणूने ते का बंद केलं होतं. आणि पोरगा जिवंत असताना म्हातारी भावाकडे राहायला गेली तर मुन्नाच्या तोंडाला काळं लागलं असतं. धुरपताने मरण पत्करलं असतं, पण पोराची बदनामी नाही. जाण्याची रीत एकच होती. भाऊ अंथरुणाला खिळला, त्याच्यामागे बाईमाणूस नसलं, तर बहिणीने जायचं. तेव्हा तिला कोणी अडवत नाही. अडवलं तर अडवणाऱ्यालाच नावं ठेवतात.

केवलरामने पेटी उघडली नाही. या सोंगाला लुगडं लागत नव्हतं.

हापशीवर भरपूर गर्दी असेल अशी सकाळ त्याने निवडली. बादली उचलली, दोन पावलं टाकली आणि गुडघ्यात असा मोडला, की वच्छला स्वतःचं दुःख विसरून धावली. त्याला गोंदियाला नेलं. दोन डॉक्टरांनी तपासलं, कागद काढले, आणि काही सापडलं नाही. त्यामुळे आजार फार मोठा आहे अशी गावाची खात्री पटली. दुसऱ्या दिवशी धुरपता आपली गोधडी आणि नीतूने नव्याने दिलेल्या गुलाबी गोळ्या घेऊन भावाच्या घरी राहायला आली.

पंधरवड्यात तिचं गरगरणं थांबलं. ती भावाला पेज भरवायची, शिव्या द्यायची, आणि केवलराम मलूल डोळ्यांनी तिला गोळी गिळताना पाहायचा. आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम आपण करतो आहोत आणि टाळी वाजवायला कोणी नाही, एवढीच त्याला खंत होती.

तीही खंत फार दिवस राहिली नाही. एका दुपारी धुरपता पाणी आणायला गेली आणि रेणू आत आली. पाट ओढून खाटेजवळ बसली. बराच वेळ पाहत राहिली. तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं; दिवा काढून नेलेली देवळी असते ना, तसा चेहरा. मग ती त्याच्या कानाशी वाकली.

"मामाजी, दम चुकून राहिला तुमचा."

केवलरामचा दम खरंच चुकला.

"दम लागलेला मानूस बाहेर सोडताना आवाज करते. तुमी आत घेताना करून राहिले. मी सासऱ्याच्या उशाशी बसून पाह्यलं ना. एकटीच होती. शेवटपर्यंत पाह्यलं."

बाहेर हापशी कुरकुरत होती. केवलरामने मान न हलवता विचारलं, "सांगनार का सगळ्याईले?"

"कायले?" तिला खरंच नवल वाटलेलं दिसलं. "इतकं चांगलं चालून राहिलं. मी रोज येईन."

"माह्या बाईले हात नोको लावजो."

"तुमी पडून हा तोपर्यंत थे अथीच हाये ना," रेणू म्हणाली. पांघरूण त्याच्या गळ्यापर्यंत नीट ओढलं आणि उठली.

दारातून बाहेर पडताना तिची हनवटी हलली. बाहेर वच्छला भेटली असावी, कारण लगेच हुंदका ऐकू आला: "काई खरं नाई वो मामाजीचं..."

तेव्हापासून केवलराम पडून आहे. उठला तर दुसऱ्या दिवशी धुरपता गोधडी गुंडाळून भिंतीपलीकडे जाणार, हे त्याला पक्कं ठाऊक आहे. श्वास त्याने दुरुस्त केला. नाही म्हटलं तरी सूचना बरोबर होती. रोज दुपारी रेणू पाटावर येऊन बसते. कधी नुसती पाहते, कधी "आज पाय जास्त हालला" असं हळूच सांगते. धुरपताला सुनेचं कोण कौतुक. दिवाळी झाली, मंडई भरली. यंदा ऑर्केस्ट्रावाले आले नाहीत म्हणून जुन्यांनी दंडार उभी केली होती. ढोलकी गल्लीपर्यंत ऐकू येत होती आणि केवलरामच्या पायाचा अंगठा पांघरुणात ताल धरू पाहत होता. त्याने तो आवरला. पाटावरून कोणीतरी बघत होतं.

मंडईनंतरची गोष्ट. दुपारी धुरपता ओट्यावर लाखोळी पाखडत होती. भिंतीपलीकडून सूर उठला. धुरपताने सूप थांबवलं.

"आता कोनाचं म्हनून राहिली हे?"

सूर वाढत गेला. "अवो माह्या मामाजी... लुगडं नेसून हासवलं, लुगडं नेसून रडवलं... पेटीतलं लुगडं कोन नेसन आता वो..."

"केवल्या, तुहंच हाये रे!" धुरपता हरखली. "आयक, आयक. माह्यापेक्षा चांगलं बसवलं तुहं."

केवलराम छताकडे पाहत ऐकत होता. तिसऱ्या ओळीला रेणूने दम उचलला, गळ्यापर्यंत आणला आणि थांबली. अगदी जागेवर.

त्या शांततेत केवलरामला जाणवलं, की आपल्याला रडू येतंय. सोंगाचं नव्हे. आधी हनवटी हलली. नाक नंतर.